आता तुझी खेळी

लहानपणी भातुकली खेळलेला नाही असा माणूस आपल्यात विरळाच सापडेल. "मी आई होते, तू बाबा हो, आणि ही बाहुली आजारी आहे हं!" एवढे ठरले की दुपार कशी सरली ते कळत नसे. संवाद कुणी लिहून दिलेले नसत. बाहुलीला ताप किती आहे हे आईने सांगायचे, डॉक्टर कुठला आणायचा हे बाबाने ठरवायचे. खेळ मोडायचा तोही ठरावीक कारणांनी. कुणी रुसले, कुणाला घरून हाक आली, किंवा सर्वांत वाईट म्हणजे कुणाला कंटाळा आला.

ऑनलाइन रोलप्ले म्हणून जो प्रकार आज आपल्या पिढीत रुजला आहे, ती या भातुकलीचीच लिहिता-वाचता येणारी थोरली बहीण आहे असे म्हटले तर वावगे ठरू नये. दोघे किंवा चौघे मिळून एक जग ठरवतात आणि त्यातले एकेक पात्र घेतात. एकाने आपल्या पात्राची कृती व बोलणे टाइप करून पाठवायचे, दुसऱ्याने ते वाचून आपल्या पात्राच्या वतीने पुढचे लिहायचे. अशी कथा चार दिवस चालते, कधी चार वर्षेही चालते. लेखक तेच आणि वाचकही तेच. बाहेरचा प्रेक्षक नाही, बक्षीस नाही, छापून येण्याचा तर प्रश्नच नाही. आपल्या महाविद्यालयात हा खेळ खेळणारे दिसतात त्यापेक्षा पुष्कळ आहेत. लाजेपायी कुणी बोलत नाही, इतकेच.

याचा इतिहास मोठा आहे, पण तो येथे थोडक्यातच सांगते. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात खेळाडू पात्र घेतो आणि पात्राचे यशापयश फाशांवर ठरते. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने असे जग संगणकात उभे करायला घेतले आणि रिचर्ड बार्टल त्याला येऊन मिळाला. त्या जगात चित्र एकही नव्हते, सारे शब्दांचे. पुढे १९८९ मध्ये 'टायनीमड' आले. त्यात मारामारी आणि गुण हेच काढून टाकले होते, उरले ते खोल्या बांधणे आणि एकमेकांशी बोलणे. तरीही लोक तासन्‌तास तेथे रमत. २०१५ साली डिस्कॉर्ड निघाले आणि हा सारा पसारा आपल्या खिशातल्या मोबाइलवर आला.

साधने अशी सोपी होत गेली. खेळ मात्र पूर्वीइतकेच मरतात. बहुतेक खेळ भांडणाने मरत नाहीत. एके दिवशी उत्तर यायला उशीर होतो, मग दोन दिवसांनी दोन ओळी येतात, मग एक ओळ, आणि मग काहीच नाही. असे का होते, आणि ते टाळता येते का, एवढाच या लेखाचा विषय आहे. या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय असे कुणी विचारील, तर एक चांगला खेळ मी स्वतःच्या हाताने मारला आहे, हाच.

२०२० च्या टाळेबंदीत, मी अकरावीत असताना, मी आणि माझ्या एका मैत्रिणीने कोकणातल्या एका कल्पित बंदराची कथा सुरू केली. तिचे पात्र म्हणजे दीपगृहाचा म्हातारा रखवालदार, माझे पात्र म्हणजे गावात नव्याने आलेली शाळामास्तरीण. पहिले दोन महिने सुंदर गेले. रखवालदार रोज संध्याकाळी दिवा लावण्यापूर्वी कुणाला तरी हात करतो, पण समुद्राकडे तर कोणीच नसते, एवढ्या एका गोष्टीवर आम्ही तीन आठवडे लिहीत होतो. मग मला वाटू लागले की कथेत काही 'घडत' नाही. मी वादळ आणले. वादळ ओसरले तेव्हा शाळेत चोरी घडवली. त्यानंतर साथ आणली, आणि साथीत गावचा अर्धा बाजार मारून टाकला. घाईच्या भरात रखवालदारालाही मीच रडवले, मीच धावायला लावले, आणि तो कुणाला हात करतो तेही मीच एका रात्री लिहून मोकळी झाले. मैत्रिणीची उत्तरे आखूड होत गेली. 'तो मान हलवतो.' 'तो बरे म्हणतो.' मला वाटले तिचा रस कमी झाला, म्हणून मी आणखी एक जहाज बुडवले.

पुढे कित्येक महिन्यांनी, महाविद्यालये उघडल्यावर, कॅन्टीनमध्ये तिला विचारले. ती म्हणाली, "अगं, माझ्या म्हाताऱ्याला तू करायला काही ठेवलंसच नाहीस. त्याचं गुपितसुद्धा तूच सांगून टाकलंस. मग मी काय लिहू?"

खेळाडूंच्या भाषेत याला 'गॉडमॉडिंग' म्हणतात. दुसऱ्याच्या पात्राचे हातपाय आपणच हलवायचे, त्याचे मनही आपणच सांगायचे, म्हणजे खेळात देव होऊन बसायचे. हा दोष नव्या काळाचा आहे असे मी समजत होते. नंतर बी.ए.च्या इंग्रजीच्या तासाला ब्रॉन्टे भगिनी शिकताना त्यांच्या बालपणाबद्दल वाचले आणि माझी समजूत बदलली.

१८२६ च्या जून महिन्यात, इंग्लंडमध्ये यॉर्कशर परगण्यातल्या हॉवर्थ गावी, पाद्री पॅट्रिक ब्रॉन्टे यांनी मुलगा ब्रॅनवेल याच्यासाठी लाकडी शिपायांची पेटी आणली. शिपाई बारा होते. शार्लट त्या वेळी दहा वर्षांची होती आणि धाकटी अ‍ॅन सहांची. चौघा भावंडांनी एकेक शिपाई उचलला. शार्लटने आपल्या शिपायाचे नाव ड्यूक ऑफ वेलिंग्टन ठेवले, ब्रॅनवेलने आपल्याचे बोनापार्ट. त्या शिपायांचे राज्य झाले, राज्याची राजधानी झाली, राजधानीत वर्तमानपत्रे निघू लागली. शिपायांना वाचता यावीत म्हणून आगपेटीएवढ्या वह्यांत मुंगीएवढ्या अक्षरात ती पोरे लिहीत. आणि या राज्यावर चार जिनी होते, ते म्हणजे ही चार भावंडे स्वतः. मेलेला शिपाई पुन्हा जिवंत करण्याची सत्ता या जिनींना होती. देव होऊन बसणे त्यांनी खेळाच्या नियमातच घातले होते म्हणायचे!

हा खेळ बालपणाबरोबर संपला नाही. शार्लट आणि ब्रॅनवेल मोठे झाल्यावर 'अँग्रिया' नावाच्या राज्याची कथा लिहू लागले. शार्लटचा नायक झामोर्ना, तर ब्रॅनवेलचा नायक त्याचा सासरा नॉर्थँगरलंड. म्हणजे एक राजा आणि त्याच्याविरुद्ध बंड करणारा सासरा, आणि मधे सापडलेली राणी मेरी, एकाची बायको व दुसऱ्याची मुलगी. खेळ टिकावा म्हणून याहून चांगली मांडणी कुणाला सुचली असेल असे मला वाटत नाही, कारण येथे दोन्ही पात्रांना काहीतरी हवे आहे आणि ते दोघांना एकाच वेळी मिळणे शक्य नाही.

१८३६ साली शार्लट घरापासून दूर रो हेड येथील शाळेत शिक्षिका होती. लिहायला वेळ नाही, दिवसभर मुलींची व्याकरणे तपासायची. घरी ब्रॅनवेल मात्र मोकळा होता आणि त्याने कथेत युद्ध पेटवले. त्या धामधुमीत त्याने राणी मेरीला मारून टाकले. ब्रॅनवेलने तिला खरोखरच मारले की काय, अशी तळमळ शार्लटच्या त्या दिवसांच्या टिपणांत आहे. वीस वर्षांची शिक्षिका, आणि तिला काळजी कशाची, तर घरी असलेल्या भावाने एका कागदी राणीचे काय केले याची. ज्याने एकदा तरी हा खेळ मनापासून खेळला आहे त्याला यात हसण्यासारखे काही वाटणार नाही. पुढे शार्लटने लेखणी हाती घेतली आणि मेरीला परत जिवंत केले.

त्या दोघांचा खेळ या घटनेने मोडला नाही, हे येथे लक्षात घ्यायला हवे. कारण तोड शार्लटच्याही हातात होती. माझ्या रखवालदाराच्या बाबतीत तसे नव्हते. मेलेले माणूस परत आणता येते, पण सांगून टाकलेले गुपित परत झाकता येत नाही. म्हणून मला तर वाटते, खेळात एखादे पात्र मारणे हा त्या मानाने लहान अपराध आहे.

इंग्रज नाट्यशिक्षक कीथ जॉनस्टन यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या 'इम्प्रो' या पुस्तकात उत्स्फूर्त अभिनयाबद्दल जे सांगितले आहे ते येथे लागू पडते. रंगमंचावर एक नट जे काही करतो ते दुसऱ्याला दिलेले देणे असते. दुसऱ्याने ते स्वीकारावे आणि त्यावर पुढे रचावे. नाकारले की दृश्य तिथेच ठेचाळते. पण हे समजून घ्यायला आपल्याला इंग्लंडला जाण्याची गरज नाही. सिंधुदुर्गात आणि गोव्यात पेडणे भागात दशावतार पाहिलेल्यांना ते ठाऊक आहे. दशावतारी आख्यानाला लिहिलेली संहिता नसते. कथानक सर्वांना माहीत असते, कोण कोणते पात्र करणार ते ठरते, आणि मग नट रंगभूमीवर उभे राहून संवाद तिथल्या तिथे रचतात. पेटीवाला आणि मृदंगवाला त्यांना सांभाळून घेतात. रात्र रात्र असे चालते. समोरच्या नटाला उत्तर सुचावे असा प्रश्न टाकणे हे त्या कलेतले मोठे कौशल्य होय. जो नट समोरच्याची वाट बंद करून बोलतो तो टाळ्या घेईलही, पण त्याच्यासमोर उभा राहणारा बिचारा काय करणार?

आता आपल्या मोबाइलवरच्या खेळात याचा अर्थ काय, ते एका उदाहरणाने पाहू. समजा मी लिहिले: 'मास्तरीण दीपगृहाच्या पायऱ्या चढून वर आली. समुद्र शांत होता. तिला फार बरे वाटले. ती परत गेली.' वर्णन वाईट नाही, पण रखवालदाराने यात करायचे काय? तो जिन्यावर होता की नव्हता याचाही पत्ता नाही. त्याऐवजी असे लिहिले: 'मास्तरीण वर आली तेव्हा धाप लागली होती. कठड्यावर दोन कप होते, दोन्हीतून वाफ येत होती. तिने एकदा कपांकडे पाहिले आणि एकदा म्हाताऱ्याकडे.' आता दुसरा कप कुणाचा हे मी सांगितलेले नाही, आणि सांगणारही नाही. ते ठरवण्याचा हक्क माझ्या मैत्रिणीचा. कदाचित ती म्हणेल, तो तुमच्यासाठीच, पायरव ऐकला होता. कदाचित म्हातारा कप घाईने उचलून समुद्रात रिकामा करील. काय होईल ते मला ठाऊक नसते म्हणून मी पुन्हा पुन्हा मोबाइल उघडून पाहते. मराठीत म्हण आहे की सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. कुतूहलाचेही आणता येत नाही, असे मी त्यात घालीन. उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असेल तर ते कितीही झाकले तरी लिहिण्यात उतरतेच.

संकटांचे तसेच. संकट मोठे असले म्हणजे रस वाढतो हा माझा समज होता. पण पहिल्या वादळात जे घाबरते ते पात्र तिसऱ्या वादळात नुसते खिडकी लावते. उलट उसने घेतलेले पुस्तक परत न करणे, पत्राला उत्तर न देणे, अशी बारीक गोष्ट दोन पात्रांमध्ये महिनाभर सलत राहू शकते. सलण्यासाठी पात्राला काहीतरी हवे असावे लागते, आणि थोडी खोडही असावी लागते. सर्वगुणसंपन्न पात्र घेऊन येणारे खेळाडू मी पाहिले आहेत. त्यांच्याशी चार दिवसांपलीकडे कुणाचे जमलेले पाहिले नाही.

गेल्या काही वर्षांत यंत्राशी असा खेळ खेळण्याची सोय झाली आहे. 'कॅरॅक्टर डॉट एआय'सारख्या ठिकाणी यंत्र एखादे पात्र होते आणि मध्यरात्रीही तत्काळ उत्तर देते. मी महिनाभर करून पाहिले. ते कधी रुसत नाही, कधी थकत नाही. मी सांगितले की म्हातारा रडतो, तर तो रडतो. मी दोन आठवड्यांत कंटाळले, उरलेले दोन आठवडे हट्टाने काढले. माझे सगळेच ऐकणाऱ्या जोडीदाराबरोबर मी पुन्हा त्याच जुन्या चुकीकडे निघाले होते. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल.

रस टिकवण्याची दुसरी बाजू लिहिण्यातली नाही, बोलण्यातली आहे. खेळ चालू असताना पात्राबाहेरचे काही सांगायचे तर खेळाडू ते दुहेरी कंसात लिहितात: परीक्षा आहे, चार दिवस उत्तर देणार नाही, किंवा हा प्रसंग मला नको वाटतो. हा कंस फार उपयोगाचा आहे आणि आपण तो फार कमी वापरतो. माझ्या मैत्रिणीने तो वापरला नाही. मीही तो उघडून तिला काही विचारले नाही. आमच्या आधी अधिक थोर माणसांचेही असेच झाले आहे.

एमिली आणि अ‍ॅन यांनी थोरल्या भावंडांपासून फुटून 'गॉन्डाल' नावाचे आपले वेगळे बेट रचले होते. शार्लट १८३१ साली शाळेत गेली त्या सुमाराची ही गोष्ट. १८४५ च्या जूनअखेरीस दोघी प्रथमच एकट्या प्रवासाला निघाल्या, यॉर्कला. एमिली सत्ताविशीला आलेली, अ‍ॅन पंचवीस वर्षांची. पाच वर्षे परक्या घरी मुलांना शिकवण्याची नोकरी करून अ‍ॅन त्याच महिन्यात परतली होती. या प्रवासभर दोघी गॉन्डालमधली पात्रे होऊन वावरत होत्या, राजपक्षाला मिळण्यासाठी विद्यालयाच्या वाड्यांतून पळून निघालेली पात्रे! हे एमिलीनेच लिहून ठेवले आहे. काही वर्षांच्या अंतराने दोघी बहिणी एकेक चिठ्ठी लिहून बंद करून ठेवीत आणि पुढे ठरलेल्या साली उघडीत. १८४५ च्या जुलैअखेरची ती चिठ्ठी आहे. त्यात एमिली म्हणते की गॉन्डालवासी पूर्वीइतकेच तेजाने नांदत आहेत. आणि त्याच दिवसांतल्या आपल्या चिठ्ठीत अ‍ॅन लिहिते की गॉन्डालवासी सध्या खेळण्याच्या उत्तम अवस्थेत नाहीत, ते सुधारतील काय? साडेतीन वर्षांपूर्वी सुरू केलेल्या गॉन्डालच्या बखरी अजून अपुऱ्या आहेत, त्या कधी पुऱ्या होणार, असेही ती विचारते.

एकाच घरात राहणाऱ्या दोन बहिणी, एकच खेळ, आणि एकीला तो बहरलेला दिसतो तर दुसरीला कोमेजलेला! चिठ्ठ्या तर बंद होत्या. अ‍ॅनने हे एमिलीला तोंडी कधी सांगितले का, कोण जाणे. पण अ‍ॅनच्या त्याच चिठ्ठीत आणखी एक वाक्य आहे आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. एमिली सम्राट ज्युलियसचे चरित्र लिहीत आहे, त्यातला थोडा भाग तिने वाचून दाखवला आहे, आणि उरलेले ऐकण्याची मला फार इच्छा आहे, अशा अर्थाचे. खेळाबद्दल शंका असूनही अ‍ॅनचे कान उघडे आहेत. कारण एमिलीने सगळे वाचून दाखवलेले नाही.

खेळ कायमचाच चालावा असा आग्रह मात्र मी धरणार नाही. सुमारे १८३९ साली शार्लटने अँग्रियाचा निरोप घेतला, आणि तो लेखी घेतला. इतकी वर्षे ज्या चेहऱ्यांत वावरलो ते सोडून दुसरीकडे जाणे सोपे नाही, तरीही मन आता निराळ्या, शांत हवेत जाऊ पाहते आहे, असा त्याचा भाव. आठ वर्षांनी 'जेन एअर' आली. आपल्यापैकी किती जण खेळ सोडताना असा निरोप घेतात? आपण नुसते गप्प होतो, आणि समोरचा महिनाभर मोबाइल उघडून पाहत राहतो. दोन ओळींचा शेवट लिहायला फार वेळ लागत नाही. रखवालदाराने दिवा मालवला, पहाट झाली होती, एवढेही पुरे.

आम्ही दोघींनी यंदा गणपतीनंतर तो खेळ नव्याने सुरू केला आहे. बंदर तेच, पण वादळ, चोरी आणि साथ झालीच नाही असे दुहेरी कंसात ठरवून घेतले. गुपित तेवढे जुने राहिले नाही. ते मैत्रिणीने बदलले आहे, काय केले आहे ते मला सांगितलेले नाही. मीही विचारलेले नाही, जिभेवर आले होते तरी. परवा मास्तरणीने टपाल पोहोचवायचे निमित्त करून दीपगृह गाठले आणि एक पाकीट म्हाताऱ्याच्या हाती दिले. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव नव्हते. म्हाताऱ्याने ते हातात फिरवले, वास घेतला, आणि न फोडता सदऱ्याच्या खिशात ठेवले. आज तिसरा दिवस आहे. तिची तोंडी परीक्षा परवा संपते.